त्या माकडाचं रक्त

काजू पडायच्या दिवसांत मामाकडे गेले होते, दोडामार्गच्या पुढे, जिथे बाग संपते तिथून सरळ जंगलच सुरू होतं. एका सकाळी ओहोळाजवळ लाल तोंडाचं माकड मरून पडलेलं सापडलं. त्या पट्ट्यात आता मेलेल्या माकडाला कोणी हात लावत नाही, लगेच फोन जातो. गोचिडीतून येणाऱ्या व्हायरसच्या तापाने, माकडतापाने, तिथल्या लोकांची जवळची माणसं नेलीत, त्यामुळे मेलेलं माकड दिसलं की आता कोणाच्या घरी ताप येणार अशी धास्तीच बसलीय. थोड्या वेळाने हातमोजे-मास्क घातलेली माणसं आली, जागेवर पावडर मारली, माकड घेऊन गेली. मागोमाग आरोग्यसेवक आला, तरुण पोरगा, गोचीड चावू नये म्हणून अंगाला लावायचं तेल दिलं आणि घरात कोणाला ताप आहे का विचारलं. मामीला आदल्या रात्रीपासून कणकण होती. त्याने लगेच तिचं बोट स्पिरिटने पुसलं, टोचलं, काचेवर एक जाड थेंब आणि बाजूला एक पातळ पसरवलेला असा स्मिअर घेतला, "मलेरियाचं पण बघून घेऊया मावशी" म्हणाला. आजी पडवीत सुपारी कातरत बसलेली. ती मान वर न करता म्हणाली, "रे झिला, आमचा रगात न्हेतस, त्या माकडाचा कोण बघतलो?"

त्याचं पण जाईल आजी तपासणीला, असं म्हणून पोरगा गेला. मामीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तापही उतरला, घरच्यांसाठी विषय तिथेच संपला. माझ्या डोक्यातून मात्र आजीचं वाक्य जाईना. माकडाचे नमुने व्हायरस शोधायला जाणार होते, आणि ते बरोबरच होतं. पण मी आयुष्याची कितीतरी वर्षं माणसांच्या रक्तात मलेरिया शोधण्यात घालवली, मुंबईतल्या एका लॅबमध्ये, पावसाळ्यात तर सकाळपासून रात्रीपर्यंत दुसरं कामच नसायचं, आणि त्या सगळ्या वर्षांत माकडाच्या रक्ताची काच एकदाही मायक्रोस्कोपखाली सरकवली नव्हती. सरकवावी असं मनातही आलं नव्हतं.

एमपीची, म्हणजे मलेरियाचे जंतू शोधायची, काच बघायची एक लय असते, ज्यांनी ते काम केलंय त्यांना लगेच कळेल. स्मिअर जिभेच्या आकाराचा पसरवायचा, वाळू द्यायचा, लिशमनचा रंग ओतायचा, मग बफर, मग नळाच्या बारीक धारेखाली धुवायचा, पाठीमागची बाजू कापसाने पुसायची. वर तेलाचा थेंब आणि शंभरची लेन्स. मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नागमोडी सरकत जायचं, फिल्डमागून फिल्ड, सगळीकडे गुलाबी-राखाडी तांबड्या पेशी, आणि अचानक एका पेशीत निळी रिंग आणि तिच्यावर लाल ठिपका. पीव्ही, म्हणजे व्हायवॅक्स जातीचा जंतू, असेल तर पेशी फुगलेली, आत बारीक गुलाबी कण विखुरलेले. पीएफ, म्हणजे फाल्सिपेरम जातीचा, असेल तर रिंग नाजूक, कधी एकाच पेशीत दोन-दोन, आणि थोड्या दिवसांनंतरचं रक्त असेल तर ते ओळखीचं केळं, दोन्ही टोकं निमुळती. इतकं देखणं असतं ते. मला दरवेळी आधी ते देखणंच वाटायचं आणि मग काचेवरच्या नंबरावरून फॉर्म काढला की नाव दिसायचं, वय दिसायचं, बाहेर बाकड्यावर घोंगडी पांघरून कुडकुडणारं माणूस आठवायचं आणि पोटात कसंतरी व्हायचं. दोन्ही भावना खऱ्या होत्या. एकीने दुसरीला कधी पुसून टाकलं नाही.

माकडांना मलेरिया होतो.

हे मला पुस्तकातून माहीत होतं, परीक्षेपुरतं. दक्षिण भारतातल्या लाल तोंडाच्या माकडांच्या रक्तात मलेरियाचे त्यांचे-त्यांचे जंतू असतात हे १९६० च्या दशकापासून नोंदलेलं आहे. पक्ष्यांना होतो, सरड्यांना होतो, उंदरांना होतो. रोनाल्ड रॉसने १८९८ साली कलकत्त्यात जंतूचा डासातला सगळा प्रवास उलगडला तो माणसाच्या नाही, पक्ष्यांच्या मलेरियावर. पण पुण्याला परत आल्यावर मी जेव्हा हे सगळं नीट वाचायला बसले, आता लॅब सुटलीय त्यामुळे वेळही आहे, तेव्हा लक्षात आलं की माणसाचा मलेरिया हा या जंतूंच्या फार मोठ्या गोष्टीतला एक लहानसा भाग आहे. बाकी सगळी गोष्ट दुसऱ्या प्राण्यांच्या रक्तात घडलीय आणि अजून घडतेय.

कलकत्त्याचीच अजून एक हकीकत आहे. १९३१ च्या सुमाराला सिंगापूरहून आणलेल्या लांब शेपटीच्या एका माकडाच्या रक्तात वेगळाच मलेरिया दिसला. तिथल्या ट्रॉपिकल मेडिसिनच्या संस्थेत रॉबर्ट नोल्स आणि बिराज मोहन दासगुप्ता यांनी तो पुढे तपासला. ज्या माकडातून तो आला ते त्या जंतूला सहज पचवून होतं. तोच जंतू आपल्या उत्तर भारतातल्या ऱ्हीसस माकडाला टोचला तर ते काही दिवसांत मरायचं. दोन्ही माकडंच, दिसायलाही जवळची, पण एकाबरोबर त्या जंतूचं हजारो वर्षांचं जमलेलं आणि दुसऱ्याची ओळखच नाही. मग त्यांनी तो माणसांना टोचला, १९३२ मध्ये ते छापून आलं, आणि माणसांनाही ताप आला. जंतूचं नाव पडलं प्लास्मोडियम नोलेसी. दासगुप्तांचं नाव मागे राहिलं, याची मला वाचताना फार चुटपुट लागली.

त्या काळात मेंदूपर्यंत गेलेल्या सिफिलिसवर उपाय म्हणून रोग्याला मुद्दाम ताप आणायचे, आणि रुमानियात त्यासाठी हा माकडाचा मलेरिया वापरला गेला. एका माणसाचं रक्त दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला, असं शंभराहून जास्त वेळा झालं. सुरुवातीला ताप सौम्य यायचा. होता होता तो इतका जबरदस्त यायला लागला की हा उपचारच बंद करावा लागला. म्हणजे काय झालं असेल तर जंतूच्या प्रत्येक पिढीत जे माणसाच्या तांबड्या पेशीत जरा बरे शिरत होते तेच जास्त वाढले, पुढच्या सुईत तेच जास्त गेले, आणि माकडाचा जंतू काही वर्षांत माणसात मुरला. उत्क्रांती म्हटलं की आपण लाखो वर्षं म्हणतो. इथे एका डॉक्टरच्या नोकरीच्या काळात ती होऊन गेली, आणि ती झाली आजारी माणसांच्या शिरांमधून.

त्यानंतर बरीच वर्षं लोक असंच समजत राहिले की निसर्गात हा जंतू माणसाला क्वचितच लागतो. १९६५ मध्ये मलेशियाच्या जंगलातून परतलेल्या एका अमेरिकनाला झाला, त्याचं नवल झालं, पुढे विसरलं गेलं. मग बोर्निओमधलं कापित. सारावाकमधलं नदीकाठचं गाव. तिथे मायक्रोस्कोपवर पी. मलेरिए म्हणून रिपोर्ट येत होते, माणसाच्याच मलेरियाची अजून एक जात, जी एरवी सौम्य असते, पण पेशंट मात्र खूप आजारी आणि रक्तात जंतूही खूप. बलबीर सिंग आणि जॅनेट कॉक्स-सिंग यांच्या टीमने डीएनए तपासला आणि २००४ मध्ये सांगितलं की २०८ पेशंटपैकी १२० जणांमध्ये नोलेसी आहे, माकडाचा. काचेवर तो मलेरिएसारखा दिसतो, फक्त तो पेशीतल्या वाढीची एक फेरी चोवीस तासांत पुरी करतो आणि मलेरिए तिला बहात्तर तास घेतो. हे वाचून मी बराच वेळ कापितच्या त्या टेक्निशियनांचा विचार करत होते. त्यांनी काच नीट बघितली होती, पुस्तकात होतं तेच लिहिलं होतं. डोळ्यांनी जेवढं दिसतं तेवढं त्यांनी दिलं. जनुकांत काय चाललंय ते लेन्समधून दिसत नाही, कितीही तेल घाला.

नोलेसीचा पुढचा अभ्यास वाचताना तर मी रात्री उशिरापर्यंत जागी राहिले. त्याच्यात एनबीपीएक्सए नावाचं एक जनुक आहे. लॅबमध्ये ते काढून टाकलं तर जंतू माकडाच्या पेशीत खुशाल शिरतो पण माणसाच्या पेशीत शिरू शकत नाही. एक जनुक! आणि बोर्निओत माणसांमध्ये सापडणारे नोलेसी तपासले तर ते दोन वेगळ्या कुळांतले निघाले, एक लांब शेपटीच्या माकडांमध्ये वाढलेलं, दुसरं आखूड डुकरी शेपटीच्या माकडांमध्ये. दोन माकडं, दोन कुळं, जनुकांमधला फरक स्पष्ट, आणि दोघंही येऊन आपल्याला चावतात डासाच्या तोंडून. मलेशियात माणसाचा म्हणून जो मलेरिया होता त्याची स्थानिक केस २०१८ पासून नाही, एवढं मोठं काम त्यांनी केलं. पण नोलेसीचे पेशंट दरवर्षी हजारोंनी असतात, कारण माकडांना कोण गोळ्या देणार, आणि जंगल तोडून पामची लागवड झाली की माकडं, डास आणि माणसं एकाच जागी येणार.

पीएफ कुठून आला हे मात्र मला सगळ्यात जास्त हलवून गेलं. माझ्या हातून गेलेल्या काचांमधला सगळ्यात भीतीदायक तोच, मेंदूत जाणारा, पोरांना दोन दिवसांत नेणारा. कॅमेरूनमध्ये एडुअर्ड रायशेनो नावाच्या जर्मन संशोधकाने पहिल्या महायुद्धाच्या काळातच चिंपांझी आणि गोरिलांच्या रक्तात असे जंतू बघितले होते. पण खरं उत्तर यायला २०१० उजाडलं. बिएट्रिस हान या संशोधिकेच्या गटाने आफ्रिकेच्या जंगलात वानरांच्या शेणाचे जवळजवळ तीन हजार नमुने गोळा केले. हो, शेण. रक्त काढायला गोरिला पकडायचा, बेशुद्ध करायचा म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ, त्यापेक्षा तो रात्री झोपून उठला की मागे जे राहतं ते उचलायचं, त्यातही जंतूचा डीएनए सापडतो. त्यातून दिसलं की पीएफचा सगळ्यात जवळचा नातेवाईक पश्चिम गोरिलामध्ये आहे. चिंपांझीत तीन जाती, गोरिलात तीन जाती, एकाच जंगलात राहतात, तेच डास चावतात, आणि तरी चिंपांझीचा जंतू गोरिलात रुजत नाही, गोरिलाचा चिंपांझीत नाही. मग माणसातच कसा आला?

उत्तराचा मोठा भाग एका तुकड्यात आहे. जंतूच्या सगळ्या जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या पूर्ण डीएनएत, साधारण २ कोटी ३० लाख अक्षरं आहेत, त्यातला जेमतेम आठ हजार अक्षरांचा एक तुकडा, चौथ्या गुणसूत्रावरचा, बाकीच्या जीनोमशी जुळत नाही. तो गोरिलातल्याच दुसऱ्या जातीकडून, अॅडलेरीकडून आलाय. मलेरियाच्या जंतूचं लग्न डासाच्या पोटात लागतं, रक्तात नाही. तर कधीतरी एका गोरिलाच्या रक्तात दोन्ही जाती एकत्र होत्या, एका डासाने ते रक्त प्यालं, आणि गिरणीत आधीच्या डब्यातली थोडी ज्वारी आपल्या गव्हाच्या पिठात येते तसं एकाचं थोडं दुसऱ्यात आलं. त्या थोड्यात आरएच५ नावाचं जनुक होतं. या जनुकाचं प्रोटीन आपल्या तांबड्या पेशीवरच्या बॅसिजिन नावाच्या प्रोटीनला धरतं, आणि ते धरल्याशिवाय पीएफला आत शिरताच येत नाही. संशोधकांनी ते जुनं आरएच५ लॅबमध्ये पुन्हा बनवून बघितलं, तर ते गोरिलाचंही बॅसिजिन धरत होतं आणि माणसाचंही. पुढे एका ठिकाणी एक अमिनो आम्ल बदललं आणि गोरिलावरची पकड सुटत गेली, माणसावरची राहिली. गोरिलातलं आणि माणसातलं अशी जंतूची दोन्ही कुळं साधारण ५० हजार वर्षांपूर्वी वेगळी व्हायला लागली, आणि माणसाचा पीएफ आजच्यासारखा पसरायच्या आधी ४ ते ६ हजार वर्षांपूर्वी अगदी थोड्या जंतूंवर येऊन ठेपला होता, म्हणजे शेती सुरू झालेली, माणसं एका जागी पाणी साठवून राहायला लागलेली.

आपणही काही त्यात नुसते बसून नव्हतो. बाकी वानरांच्या पेशींवर सायलिक आम्लाचा जो एक प्रकार असतो तो माणसाने फार पूर्वी गमावला, ते बनवणारं जनुकच मोडलं. त्यामुळे चिंपांझीच्या जंतूची एक पकड आपल्या पेशीवर नीट बसत नाही, आणि पीएफची पकड बरोबर आपल्याकडे जो प्रकार उरला त्याच्यावर बसते. पीव्हीचं अजून वेगळं. त्याला पेशीवर डफी नावाचा पदार्थ लागतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या बहुतेक लोकांच्या तांबड्या पेशींवर तो नसतोच, म्हणून तिथे पीव्ही फार कमी, आणि आपल्या जवळजवळ सगळ्यांच्या पेशींवर असतो म्हणून मुंबईत जून सरला की पीव्हीच पीव्ही. हे पहिल्यांदा कळलं तेसुद्धा माकडाच्या नोलेसीवर प्रयोग करताना, १९७५ मध्ये. आणि सिकल सेल. नंदुरबारहून मुंबईला कामाला आलेल्या एका मुलीचं रक्त मी एकदा बघितलं होतं, कोयत्याच्या आकाराच्या पेशी, ती सतरा-अठराची असेल, हातपाय दुखतात म्हणून आली होती आणि दुखणं इतकं की खुर्चीवर बसताना तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. हे जनुक आईकडून किंवा बापाकडून एकच आलं तर मलेरियापासून वाचवतं, दोघांकडून आलं तर जन्मभराचं दुखणं. नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी भागात ते टिकलं कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने लेकरं नेली. त्या मुलीच्या सांध्यांतलं दुखणं हा त्या जंतूचाच हिशेब होता, तिला स्वतःला कधी मलेरिया झाला असो वा नसो. मला ते तेव्हा कोणी सांगितलं असतं तर तिच्याशी दोन शब्द जास्त बोलले असते.

आणि हे सगळं एकाच दिशेने होत नाही. ब्राझीलमध्ये अटलांटिक किनाऱ्याच्या जंगलात हाऊलर माकडांना जो मलेरिया होतो तो मुळात आपला पीव्ही, माणसांबरोबर समुद्रापार गेलेला आणि तिथल्या माकडांत मुरलेला. आता त्याला पी. सिमियम म्हणतात. रिओच्या त्या भागातून माणसाचा मलेरिया पन्नासेक वर्षांपूर्वी हद्दपार झाला होता, आणि २०१५-१६ मध्ये जंगलात जाऊन आलेली माणसं तापाने पडायला लागली. काचेवर पीव्हीच दिसला. जनुकं तपासली तर माकडाकडचा निघाला. आपण दिलं, त्यांनी ठेवलं, आणि आपण विसरल्यावर परत आलं.

म्हणून आजीचा प्रश्न मला आता फार नेमका वाटतो. मामाचा माकडांवर राग आहे, आणि तो मी समजू शकते, नारळ पाडतात, केळीचे घड जातात, कोवळे फणस चावून टाकतात, वर्षाची मेहनत एका टोळीने सकाळच्या वेळात संपवलेली मी बघितलीय. पण जी माकडं आपल्या परसात येऊन खातात त्यांच्या रक्तात काय आहे, ते बदलतंय का, कोणत्या जनुकात बदलतंय, हे मेलेलं माकड सापडेपर्यंत थांबून बघण्यासारखं नाही. गोरिलांसाठी जे जमलं, झाडाखालचं शेण उचलून, ते सह्याद्रीच्या माकडांसाठी का जमू नये? ना पकडायला लागत, ना टोचायला. माझ्यासारख्या रिटायर झालेल्या लॅबवाल्या बायका-पुरुष गावोगाव आहेत, नमुना कसा घ्यायचा, लेबल कसं लावायचं, थंड कसं ठेवायचं हे आमच्या हातात बसलेलं आहे. कोणी उभं केलं काम तर मी उद्या जाईन.

आरएच५ची अजून एक गोष्ट राहिली. पीएफ आपल्या प्रतिकारशक्तीला चकवतो तो मुख्यतः व्हार नावाच्या जनुकांवर, एकेका जंतूत साठेक असतात, एक ओळखू आलं की दुसरं पुढे करतो, आणि एका जंतूची साठ दुसऱ्याच्या साठांशी जुळत नाहीत. पण आरएच५ तो फारसा बदलू शकत नाही, कारण बदललं की बॅसिजिनवरची पकडच जाते. गोरिलाच्या रक्तात ज्या तुकड्याने त्याला आपल्यापर्यंत आणलं तोच त्याचा न बदलता येणारा भाग होऊन बसलाय. आत्ता मुलांना दिली जाते ती आर२१ लस आमच्या पुण्यात सीरममध्ये बनते, ती डासाने नुकत्या सोडलेल्या जंतूला अडवते. आरएच५वरची नवी लस त्याच्या पुढच्या टप्प्याला, पेशीत शिरण्याच्या क्षणाला अडवते, आणि बुर्किना फासोमध्ये लहान मुलांवर तिची चाचणी झालीय, मलेरिया कमी झालेलाही दिसलाय. ऑक्सफर्डची माणसं त्यावर वर्षानुवर्षं खपतायत. पीएफचा रिपोर्ट लिहिताना ज्या पोरांची नावं आणि वयं मी वाचली, चार वर्षं, सहा वर्षं, अडीच वर्षं, तसल्या पोरांसाठी मला ती लस हवीय, आणि लवकर हवीय.